सामाईक टाकी

"सांगा त्या खटपट्याला, त्याचं यंत्र पोहायला लागलंय म्हणावं!"

खालच्या मजल्यावरून दादाचा आवाज जिना चढून वर आला, तेव्हा खटपट्या तोंडाला दाढीचा फेस लावून आरशासमोर उभा होता. दादाने उभे आयुष्य छापखान्यात फोरमन म्हणून काढले होते. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तो कुजबुजला तरी शेजारच्या घरात ऐकू जाई. आज तर तो कुजबुजतही नव्हता.

खटपट्या फेसासकट जिन्यात आला. गच्चीवरून पाणी एकेक पायरी उतरत होते. घाई नाही, गडबड नाही, घरचाच माणूस असल्यासारखे. त्याच्या दारातली एक चप्पल वाहत जाऊन तीन पायऱ्या खाली अडकली होती. जिन्याच्या तळाशी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून दादा उभा. तो नुकताच वर जाऊन वाहणारी टाकी डोळ्यांनी बघून आला होता. शेजारी वहिनी, हातात पोछा घेऊन.

मोटरच्या बटणाशेजारी भिंतीवर खटपट्याने बसवलेली पेटी होती. तिच्यावर तीन दिवे: भरली, अर्धी, रिकामी. टाकी भरली की भोंगा वाजायचा आणि ज्याला ऐकू येईल त्याने मोटर बंद करायची, अशी ती व्यवस्था. आत्ता 'अर्धी'चा दिवा शांतपणे जळत होता. वर टाकी धो धो वाहून गेली होती आणि ही बया म्हणत होती, अर्धी.

"भावजी, मी वाट बघत होते हो भोंग्याची," वहिनी म्हणाली. "आज पाणी अंधारातच आलं. आजपासून वेळ बदललीय म्हणे. मोटर लावली आणि बसले कान देऊन. वाजलाच नाही."

"वाजेल कसा?" दादा वहिनीकडे बघून म्हणाला. "विचार त्याला, शब्द काय ठरला होता. विचार."

विचारायची गरज नव्हती. शब्द सगळ्यांना पाठ होता.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. म्हणजे बोलत, पण तिसऱ्या माणसाकडे बघून. भांडण सुरू झाले ते जिन्याला कोणता रंग द्यायचा यावरून. रंग शेवटी दिलाच नाही आणि भांडण मात्र पक्के बसले. मग घराची वाटणी झाली. खालचा मजला दादाचा, वरचा खटपट्याचा. कपडे वाळत घालायच्या तारेचेही दोन भाग झाले. राहता राहिली ती गच्चीवरची वडिलांनी बांधलेली काँक्रीटची टाकी. तिचे दोन भाग होईनात, म्हणून ती सामाईक राहिली.

वर्षातून एकदा ती घासावी लागे. तिचे तोंड लहान, म्हणून आत उतरायचे सडपातळ खटपट्याने आणि वरून बादली सोडायची दादाने. बोलणे बंद झाल्यावरही हे काम एका वर्षी चुकले नव्हते. दोर एकदा हलला की ओढ, दोनदा हलला की सोड. अर्धा दिवस दोघे त्या दोरावर बोलत आणि संध्याकाळी आपापल्या घरात जाऊन दार लावून घेत. खटपट्या हे कुणाला कबूल करणे शक्य नव्हते, पण वर्षभर तो त्या दिवसाची वाट बघायचा.

हिवाळ्यात कुणाच्या तरी विसराळूपणाने टाकी वाहिली, जिन्याला लागून असलेल्या दादाच्या झोपायच्या खोलीची भिंत भिजून पोपडे निघाले, आणि दादाने फर्मान काढले की टाकी पाडायची. दोघांनी आपापल्या प्लास्टिकच्या टाक्या आणायच्या, आपापल्या मोटरी लावायच्या.  टाकी गेली की दादाशी भांडायलाही काही कारण उरणार नाही, हे खटपट्याला लख्ख दिसले. त्याने वहिनीकरवी निरोप धाडला, "टाकी भरली की भोंगा वाजेल असं यंत्र मी बसवतो."

उलट निरोप आला: "बसव म्हणावं. पण वायर माझ्या भिंतीवरून येणार नाही, गच्चीवरही नाही. आणि एकदा, एकदा जरी टाकी वाहिली, तर पाडणार."

वायर नाही म्हणजे वीज नाही. वीज नाही म्हणजे सेल.

खटपट्या हा काही शिकलेला इंजिनिअर नव्हता. कारखान्याच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर टिपण्यात त्याची नोकरी संपली. रेडिओ उघड, घड्याळ उघड, ही लहानपणची खोड; त्यावरून हे नाव त्याला दादानेच ठेवलेले. आता म्हातारपणी लहान लहान चिप आणि सेन्सर मिळू लागले, तसा तो त्यांच्या नादी लागला होता. टाकीच्या झाकणाला त्याने दोन डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर लावला. सेन्सर पाण्यावर आवाज फेकायचा आणि तो किती वेळात परत येतो त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखायचा. बाजूला प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्यात चिप आणि तीन पेन्सिल सेल. चिप बिनतारी निरोप खाली पाठवणार आणि पेटीवरचा दिवा बदलणार.

पहिल्या महिन्यात त्या डब्याने त्याच्या नाकी नऊ आणले. सेल घालावेत आणि दोन-तीन दिवसांत मेलेले काढावेत. कचऱ्याची बादली जिन्याखाली सामाईक होती, तीत तो मुठी भरभरून मेलेले सेल टाकत होता. बायको म्हणाली, "टाकीला पाजताय की काय सेल?"  एवढेसे यंत्र इतके खाते कसे, हेच त्याला उमजत नव्हते.

मग हळूहळू उमजले. चिपच्या पट्टीवर एक लाल दिवा उगाच चोवीस तास जळत होता; तो त्याने कापून टाकला. पाण्यावर अखंड नजर ठेवायची गरजच नव्हती. म्हणून त्याने चिपला झोपायला शिकवले. पाच मिनिटे गाढ झोपायचे, क्षणभर उठायचे, पाणी बघायचे, खाली निरोप द्यायचा, पुन्हा झोपायचे. तरीही यंत्र मधूनच दचकून बंद पडे. सेल मीटरवर नुसता मोजला तर भरलेला दिसतो, पण निरोप पाठवायच्या क्षणी एकदम जोर मागितला की मान टाकतो, हे कळायला आणखी काही दिवस गेले. त्यावर त्याने एक कपॅसिटर बसवला. कपॅसिटर म्हणजे तरी काय, विजेची लहानशी टाकीच. फुरसतीत भरून ठेवायची, घाईत वापरायची. त्या दिवसापासून तेच तीन सेल महिनोन्‌महिने चालत होते. हे तो कुणाला सांगणार? बायकोला रस नव्हता, आणि ज्याला सांगावेसे वाटत होते त्याच्याशी बोलणे नव्हते.

आणि आता हे.

"आजच्या आज गवंड्याला फोन कर," दादा आपल्या मुलाला म्हणाला. पुतण्या फोन कानाला लावूनच बाहेर आला. गवंडी आठवडाभर मोकळा नव्हता.

"आठवडा तर आठवडा," दादा म्हणाला. "तोवर मोटर लावली की पुढ्यात बसायचं. भोंग्यावर विसंबायचं नाही. आणि सांगा त्याला, तोंड धू म्हणावं. फेस वाळलाय."

खटपट्या गच्चीवर गेला. डबा जागेवर होता. सेल बदलताना सोपे जावे म्हणून डब्याच्या बाहेर त्याने एक बटण ठेवले होते, ते चालू होते. सेल मोजले, चांगले. त्यांना लहान बल्ब जोडून राबवून बघितले, तरी चांगले. कपॅसिटर ठीक, सेन्सर ठीक. तो तिथे बसला असतानाच यंत्राने झोपेतून उठून निरोप पाठवला आणि खालून भोंगा किंचाळला.

"आता वाजतंय!" खालून दादा गरजला. "वरात निघून गेली आणि आता वाजतंय!"

बायकोने त्याला जेवताना सोडले नाही. "लोकांचे नवरे म्हातारपणी बागेत फिरायला जातात. तुम्ही टाकीवर बसता. त्या डबड्यापायी सकाळी सकाळी दारात उभं राहून बोलणी खायची, ती मी. पाडू दे ना टाकी! एकदाचं वेगळं झालेलं बरं."

"यंत्र बरोबर आहे," तो ताटाकडे बघत म्हणाला.

"हो, म्हणून तर चप्पल पोहत गेली."

त्याला मनातून वाटत होते की बायकोचेच खरे असेल. आपण कधी कोणती गोष्ट धड केली होती? कुठे तरी एखादा टाका सैल असेल, एखादी चूक आपल्याला कळतच नसेल. फाटकावरची नोकरीसुद्धा त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची वाटायची. पण काहीच सापडत नव्हते, आणि न सापडणारी चूक त्याला झोपू देत नव्हती.

तीन दिवस असेच गेले. मग दोन दिवस तो जिन्यात बसला. निरोप आला की पेटीवरचा दिवा एकदा लुकलुके, मग स्थिर जळत राही. दिवसभर तो नेमाने लुकलुकत होता. दिवेलागणीला लुकलुकणे थांबले. 'अर्धी'चा दिवा मात्र जळतच राहिला, कारण नवा निरोप येईपर्यंत जुनाच दिवा चालू ठेवायचा, असे त्यानेच पेटीला शिकवले होते. सकाळी उजाडल्यावर लुकलुक पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही तेच. सेल काही संध्याकाळी मरून सकाळी जिवंत होत नाहीत.

कुणीतरी बंद करत होते. आणि कोण, हे ओळखायला फार डोके लागत नव्हते. गच्चीवर दादाशिवाय जात होतेच कोण?

खटपट्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. आयुष्यात तो इतका संतापला नव्हता. हरवायचे तर समोरून हरव, असे चोरून? तिसऱ्या दिवशी उन्हे कलताच तो वर गेला आणि टाकीच्या मागे जाऊन बसला. काय काय बोलायचे ते त्याने मनात घोकून ठेवले होते.

दादाची पावले जिन्यावर वाजली. गुडघ्यामुळे तो प्रत्येक पायरीवर थांबत होता आणि प्रत्येक थांब्याला काहीतरी पुटपुटत होता. गच्चीचे दार कुरकुरले. टाकीला हात टेकून दादा वाकला, डबा चाचपला, बटण दाबले. खट्.

"काय करतोयस?"

दादा एवढा दचकला की पडलाच असता, टाकी धरली म्हणून सावरला. कित्येक वर्षांत तिसऱ्या माणसाशिवाय निघालेले हे पहिले वाक्य होते. उत्तर द्यायला तिथे दुसरे कुणी नव्हते, तेव्हा दादा टाकीकडे बघून बोलला.

"दिसत नाही? बंद करतोय."

"का?"

"का म्हणजे? रात्रभर चालू ठेवून काय टाकी पळून जाणार आहे? सेल खातंय ते. कचऱ्याच्या बादलीत मी बघत नाही की काय? मुठी मुठी सेल! डोळे फुटलेत माझे? बाबा असते तर कानाखाली वाजवली असती तुझ्या. बटण चालू करायचं तेवढं कळतं, बंद करायचं कळलं नाही तुला कधी."

"कधीपासून करतोयस हे?"

"पहिल्यापासून. संध्याकाळी बंद करतो, सकाळी फिरायला येतो तेव्हा चालू करतो. तुला काय पत्ता? तू लोळत असतोस तेव्हा."

घोकलेले सगळे खटपट्या विसरला. "अरे, ते झोपतं!" तो ओरडला. स्वतःचा एवढा मोठा आवाज त्यानेही कधी ऐकला नव्हता. "स्वतःच झोपतं! पाच मिनिटांनी उठतं, पाणी बघतं, खाली सांगतं, परत झोपतं. काही खात नाही ते आता! कधीपासून एकच सेलचा संच चाललाय. त्यासाठी मी डोळे फोडले इतके दिवस, आणि तू..."

"मला कुणी सांगितलं होतं?"

 कुणी सांगितले नव्हते. सांगणार कोण?

"त्या दिवशी पाणी अंधारात आलं," खटपट्या म्हणाला. "तू वर यायच्या आधी. यंत्र बंद होतं, दादा."

 टाकीवरचा दादाचा हात तसाच राहिला. मग त्याने वाकून बटण पुन्हा चालू केले, खट्, आणि तो दाराकडे वळला. जिना उतरताना त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"उद्या गवंडी येईल तेव्हा सगळ्यांसमोर सांगा," त्या रात्री बायको म्हणाली. तिचे डोळे कधी नव्हे ते चमकत होते. "वहिनींसमोर, त्यांच्या मुलासमोर. सकाळी सकाळी कसे गरजत होते! आता गरजा म्हणावं."

"सांगतो ना," तो म्हणाला.

सांगितले की टाकी वाचत होती. यंत्र चुकले नव्हते, माणूस चुकला होता, मग शब्द लागूच होत नव्हता. सगळे किती सोपे होते. पण कुशीवर वळले की त्याला दादाचे ते गुडघे दिसत. रोज दोन वेळा एवढे जिने चढून आपले सेल वाचवायला जाणारा माणूस. आणि निरोप आला नाही तर पेटीने गप्प बसायचे, खोटाच दिवा जळत ठेवायचा, हे तरी कुणाचे डोके? दादाचे नव्हते.

सकाळी गवंडी घण आणि छिन्नी घेऊन गच्चीवर आला. मागोमाग पुतण्या, वहिनी, खटपट्याची बायको. दादा सर्वांत शेवटी आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला.

"काका, एकदाचं सांगून टाका," पुतण्या हसू दाबत म्हणाला. "काय झालं होतं यंत्राला? आमच्या मनात शंका नको."

बायकोने खटपट्याला कोपराने ढोसले.

"सेल उतरले होते," तो म्हणाला.

बायकोने कपाळावर हात मारला. पुतण्या गवंड्याकडे बघून हसला. गवंड्याने पदराआड लपावे तसे तोंड गमछ्यात लपवले.

"खोटं बोलतोय तो."

सगळे वळले. दादाचा चेहरा लाल झाला होता.

"सेल ठणठणीत होते. मी बंद केलं होतं ते. रोज करायचो."

"अहो, तुम्ही?" वहिनी म्हणाली.

"हो, मी! कळलं ना? आता दवंडी पिटा." मग तो आवाज आणखी चढवून म्हणाला, "आणि सांगा त्याला, मला त्याचं पांघरूण नकोय! मोठा भाऊ आहे मी त्याचा. लहानपणी याच्या चुका मी माझ्या अंगावर घेतल्यात. आता हा माझ्या घेणार? एवढा मोठा झाला?"

 गवंड्याने घण खाली टेकला.

"मग बाबा," पुतण्या चाचरत म्हणाला, "म्हणजे टाकी ठेवायची ना आता?"

खटपट्या एक पाऊल पुढे आला.

"ठेवायची? का ठेवायची? मी काय म्हणालो होतो? एकदा जरी वाहिली तर पाडणार. वाहिली की नाही?"

"पण ती तुमच्याच..."

"कुणामुळे का वाहीना! त्याची चूक असती तर पाडली असती, मग माझी निघाली म्हणून ठेवू? हा कुठला न्याय? मी काय स्वतःपुरता वेगळा नियम काढू?"

"काय बाई हा हट्ट," वहिनी पुटपुटली. "स्वतःच्या नाकावर स्वतःच बुक्की मारतात."

"माझं काय ते सांगा," गवंडी म्हणाला. "पाडायची की नाही? मला दुसरीकडंही काम आहे."

"पाडा."

"दादा, नको," खटपट्या म्हणाला.

तो थेट दादाकडे बघून म्हणाला होता, सगळ्यांच्या देखत. दादाने त्याच्याकडे पाहिले. जबडा दोनदा हलला. मग तो गवंड्याकडे वळला.

"आज नुसतं पाणी सोडून द्या. सुकू दे. उद्या पाडा."

आणि तो खाली निघून गेला.

पाणी सोडायला दुपार झाली. ते नळातून गच्चीवर पसरले, पन्हाळीतून बाहेर गेले. खटपट्या जिन्यात पेटीसमोरच्या पायरीवर बसून होता. दिवा 'भरली'वरून 'अर्धी'वर आला. बराच वेळ 'अर्धी' लुकलुकत राहिली. मग 'रिकामी'. यंत्राने एकही निरोप चुकवला नाही.

बायकोने वरून हाक मारली, "अहो, काढून आणा ना ते डबडं. रिकाम्या टाकीत काय मोजत बसलंय?"

त्याने पायरी सोडली नाही.

दिवेलागण झाली. खालचे दार उघडले आणि दादा जिना चढू लागला. प्रत्येक पायरीवर थांबत, पण आज पुटपुटणे नव्हते. खटपट्याने गुडघे भिंतीकडे घेऊन वाट करून दिली. दादा त्याच्याकडे न बघता वर गेला. गच्चीचे दार कुरकुरले. मग बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग पावले परत उतरली, खटपट्याने पुन्हा गुडघे आवळले, पुन्हा दादा त्याला घासून खाली गेला. दार लागले.

खटपट्या पेटीकडे बघत राहिला. दिवा स्थिर होता. शेजारच्या घरात कुणीतरी खिडक्या लावून घेतल्या. जिन्यात अंधार दाटला.

दिवा लुकलुकला. रिकामी.

त्याने पाय पसरले, पाठ भिंतीला टेकली आणि पुढच्या निरोपाची वाट बघत बसून राहिला.